चंद्रीचं विरजण

डॉक्टर वीणा खोत गोठ्यात आल्या, तेव्हा आनसाबाई चंद्रीच्या शिंगांना तेल लावत होती. शेजारी चार दिवसांची रेडी कासेला ढुसण्या देत होती. अकरा वर्षांनी तालुक्यात म्हैस व्याली होती. बाहेर पाच गावांच्या म्हशी कपाळाला कुंकू लावून रांगेत उभ्या होत्या.

"दुखंल का हो तिला?" आनसाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. कापसाचा बोळा आत फिरवायचा, बस्स. शेतात मारलेल्या त्या औषधाच्या फवाऱ्यांनी बाकीच्या म्हशींच्या गर्भाशयातले चांगले जंतू मेले, म्हणून त्या गाभ राहत नाहीत. हिचे तेवढे शाबूत आहेत. विरजणासारखे ते वाढवायचे आणि सगळ्यांना द्यायचे."

"घ्या की मग. सकाळीच नळी घालून, जखमा धुवायच्या त्या लाल पोटॅशनं आतून धुतलीया. तुम्ही येणार म्हणून जरा कडकच केलं पाणी. तुमच्या हाताला घाण नको."

डॉक्टरांनी बोळा फिरवला, सोबत आणलेल्या जंतू तपासायच्या यंत्रात घातला. पडदा कोरा. दुसरा बोळा, तिसरा. कोराच.

आनसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जन्मभर घरात दही लावलेली बाई ती.

"विरजणाचं भांडंच घासून ठेवलं व्हय मी?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

"परत येतील की ते जंतू?"

"कुठून येणार, मावशी?"

आनसाबाईनं पदराला हात पुसले आणि दार उघडलं. रांगेतली पहिली बाई तिला बघून हसली, लगबगीनं म्हशीचं दावं सोडत म्हणाली, "आणू का आत?"