डाव्या बाजूचे बुश

"यातले डावीकडचे कुठले?" लिनेटनं विचारलं.

डेस्मंडनं बोटानं दाखवले. त्यानं रुमालात बांधून आणलेले जुने रबरी बुश तिनं दुकानाच्या फळीवर मांडले होते. बुश म्हणजे रबराची अंगठ्याएवढी जाड नळी, आत लोखंडी नळकांडं. चाकाला धरणारा दांडा गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेला असतो, तिथं हा बसतो आणि रस्त्याचे धक्के गिळतो. उजवीकडचे जरा चपटले होते, एवढंच. डावीकडचे पार पिळवटून फाटले होते.

इंग्लंडच्या लिंकनशर भागातल्या त्या बंद पडलेल्या विमानतळावर रविवारी हौशी लोकांचा बाजार भरे. सुटे भाग आणून घरच्या शेडमध्ये गाडी जोडणारी ही माणसं. गाड्याही तशाच, दोन सीटच्या, बिनछपराच्या आणि इतक्या हलक्या की चौघांनी धरून बाजूला सरकवाव्यात. नवरा वारल्यापासून लिनेट मॉ एकटीच दुकान मांडायची. येणाऱ्या प्रत्येकाला ती 'राजा' म्हणायची. त्या भागात बसचा कंडक्टरही म्हणतो. डेस्मंडला ते ठाऊक होतं. तरी आठवडाभर पाणथळीतल्या पंपघरावर एकट्यानं काढल्यावर तो शब्द कानावर पडला, की त्याला बरं वाटायचं.

"बोल्ट आवळताना गाडी खाली उतरवली होतीस ना?" तिनं विचारलं. "का उचललेलीच होती? निम्मे लोक तिथंच चुकतात."

"उतरवली होती. सीटवर गोण्याही ठेवल्या होत्या. वाळूच्या."

"दोन्ही सीटवर?"

"दोन्ही. तसंच करतात ना."

तसंच करतात. रबराची एक खोड असते. ज्या स्थितीत बोल्ट आवळावा, तीच त्याची विश्रांतीची जागा होऊन बसते. म्हणून गाडीत जेवढी माणसं बसणार, तेवढा भार आधी ठेवायचा आणि मग खाली शिरून पाना फिरवायचा. डेस्मंडनं एक गोणी स्वतःच्या वजनाची भरली होती. दुसरी भरताना तो बराच वेळ फावडं धरून उभा राहिला होता. शेवटी त्यानं अंदाजानं भरली. कुणाचं तरी असेल एवढं वजन, असं म्हणून.

"मग डावीकडे कोण बसतं?"

"बसतं कुणी कुणी," तो म्हणाला.

लिनेटनं एक फाटका बुश उचलून उजेडात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "राजा, हे रबर भार येईल म्हणून ताणून बसलं होतं. तो कधी आलाच नाही. या सीटवर कुणीही बसलेलं नाही."

डेस्मंड विमानतळावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघत राहिला.

"अरे, लवकर आटप!" मागून एक जाडा माणूस ओरडला. त्याच्या बगलेत रेडिएटर होतं. "एवढ्या वेळात मी दोनदा घर बदललं असतं!"

"तू गप रे कॉलिन. तुझं रेडिएटर काही पळून जात नाही." लिनेटनं दोन पुड्या पुढे ठेवल्या. "हे बघ. हे कडक, प्लास्टिकचे. आत मोकळे फिरतात. कुणी बसो न बसो, यांना काही फरक पडत नाही. फक्त जरा कुरकुरतात आणि हाडं खिळखिळी करतात. नाहीतर हे पुन्हा रबरी. पण या खेपेला डावी सीट रिकामी ठेवूनच आवळ. एकट्याची गाडी एकट्यासाठीच बसव. छान धावेल बघ."

सल्ला बरोबर होता. म्हणूनच तो लागला. दिवसभर पंपाची घरघर ऐकत, संध्याकाळी एकेक भाग जोडत त्यानं ती गाडी उभी केली होती. डावीकडच्या सीटचा पट्टा स्वतः बसून बघून सैल-घट्ट केला होता. या हौशी मंडळींच्या सहलीला तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी पोचायचा आणि आधी निघायचा, म्हणजे त्या सीटकडे कुणाचं लक्ष जायला नको. आता तो घरी जाणार होता, एकच गोणी ठेवणार होता आणि पाना फिरवणार होता. त्यानंतर चुकून कुणी शेजारी बसलंच, तर गाडी त्या बाजूला कलणार होती.

"रबरी द्या," तो म्हणाला.

पुडी घेऊन तो गाडीपाशी आला. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. वाऱ्यावर मटणाच्या सॉसेजचा आणि जळक्या तेलाचा वास येत होता. लोक आपापल्या बायकांना, मित्रांना हाका मारत होते. मग त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि परत निघाला.

"आता काय, बुशांची भोकं मोजायची राहिली?" कॉलिन म्हणाला.

त्या मुलुखात अनोळखी माणसाशी हवापाण्यावर तासभर बोलता येतं. पगार विचारत नाहीत. वय तर नाहीच. आणि बाईला एक प्रश्न असा आहे, की डॉक्टरसुद्धा आधी माफी मागून विचारतो.

"बोल्ट आवळायचेत," डेस्मंड म्हणाला. टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती. "म्हणजे... मिसेस मॉ, तुमचं वजन किती आहे?"

कॉलिनच्या बगलेतलं रेडिएटर घसरून खाली आदळलं.

लिनेटनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "गोणी भरायला विचारतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "या खेपेला गोणी नको."

तिनं हात पुसले, फळीवर कापड ओढलं आणि विचारलं, "जेवणाआधीचं सांगू, की नंतरचं?"