निम्मा युरिया

हॅमिल्टनजवळ धाग्यासाठी हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीचं पीक, घेणाऱ्या ग्रॅहमला अनुयाने सांगितलं, "युरिया निम्माच द्या. झाडं थोडी बुटकी राहतील, पण धागा चिवट निघेल." पुण्याहून आलेल्या या तरुण कृषितज्ज्ञावर त्याने विश्वास टाकला. उन्हाळाभर शेजाऱ्यांचं उंच, हिरवंगार पीक पाहून तिचाच जीव खालीवर होत राहिला.

कापणीनंतर गिरणीत धागे ताणून पाहिले. शेजाऱ्यांचे पटापट तुटले. ग्रॅहमचा धागा कुणाकडूनच तुटेना. सगळे त्याच्याभोवती जमले, तेव्हा त्याने अनुयाला पुढे केलं.

"हिचं ऐका. पुढच्या वर्षी युरिया निम्माच न्या."

अनुया त्याच्याकडे बघतच राहिली. त्या गावात युरिया विकणारं दुकान एकच होतं, आणि ते ग्रॅहमचं.