रायफलीची काडतुसं

खडीच्या खाणीत आर्डिसने पिकअपची मागची फळी पाडली आणि काडतुसांचा डबा तिच्यावर ठेवला. डब्यावरची लाल पट्टी विटून गेली होती, पण अक्षरं शाबूत होती. जादा वेगाची, फक्त रायफलीसाठी, रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नयेत.

"अजून विचार कर, पोरी," एमेट म्हणाला. "कालच तर तुझ्या बापाला मातीत ठेवलं आपण."

"विचार करूनच आलेय, काका."

एमेट तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. दोघा भावांनी तरुणपणी एकाच दुकानातून एकसारखी दोन जुनी रिव्हॉल्व्हरं घेतली होती. एमेटचं अजून होतं. हार्लनचं, तिच्या बापाचं, त्याच्या हातात फुटलं.

आर्डिस तेव्हा अकरा वर्षांची होती. याच खाणीत बाप रिकामे पत्र्याचे डबे नेम धरून उडवत होता. काडतुसं संपली तसं त्याने तिला घरी पिटाळलं. रायफलीची आणि रिव्हॉल्व्हरची गोळी एकाच मापाची, काडतुसांचे डबे घरी एकाच फळीवर. तिने लाल पट्टीचा उचलला. हार्लनने न बघता काडतूस भरलं. ती पाठ करून डबे मांडलेल्या ढिगाऱ्यापासून लांब चालली होती, तेवढ्यात बार झाला. बापाची उजव्या हाताची बोटं गेली, एक डोळा गेला.

त्यावरून हार्लन तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. मोंटानाच्या त्या टोकाला लोक अजून त्याच्या मोठ्या मनाचा दाखला देत. कुणी विषय काढलाच तर तो म्हणे, "लहान होती ती, तिला काय कळतंय," आणि मांस कापून द्यायला आपली ताटली तिच्यापुढे सरकवी.

पुढे तिची आई एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली. आर्डिस राहिली. बापाच्या शर्टाची बटणं, दाढी, गुरं, कुंपणं, सगळं तिच्या अंगावर आलं. डेल नावाचा एक भला माणूस तिला ओरेगनला न्यायला तयार होता. दोन हिवाळे थांबला. ज्याचा हात माझ्यामुळे गेला त्याला टाकून कशी येऊ, असं तिने त्याला विचारलं. तो एकटाच गेला, आणि आता त्याला नातवंडं होती.

"मला एकदा डोळ्यांनी बघायचंय," आर्डिस म्हणाली. "मी नक्की काय केलं ते."

एमेटने आपलं रिव्हॉल्व्हर एका जुन्या टायरवर तारेने आवळून बांधलं, चापाला लांब दोरी लावली. आर्डिसने लाल पट्टीच्या डब्यातलं एक काडतूस भरलं. दोघं पिकअपमागे बसली. तिने दोरी ओढली.

खाण दणाणली. जाऊन पाहिलं तर रिव्हॉल्व्हर जसंच्या तसं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही.

"दारू जुनी झाली असेल," आर्डिस पुटपुटली. तिचा चेहरा पडला होता. "परत भरते."

"थांब."

एमेट टायरपाशी गेला, त्याने तार सोडवली. आता हा गाशा गुंडाळणार असं तिला वाटलं. पण त्याने त्याच डब्यातली काडतुसं भरली, हात लांब केला आणि एकामागून एक झाडली. पलीकडच्या ढिगाऱ्यावर खडी उडत राहिली. आर्डिस चाकामागे दबून बसली.

"वेड लागलंय का तुम्हाला, काका?"

"माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मी कधीपासून हीच घालतो. घालू नयेत हे खरंय. एखाद दिवशी माझाही हात जाईल. पण त्या दिवशी तुझ्या डब्याने काही झालं नाही." तो टायरवर बसला. "तुला घरी पाठवलं, त्याच्या आधीचा त्याचा शेवटचा बार फुसका गेला होता. घरी भरलेलं काडतूस, दारू घालायचीच राहिली असणार. गोळी नळीत अडकून बसली. मागून कुठलीही मारली असती तरी फुटलंच असतं. फुटक्या नळीत दोन गोळ्या एकीवर एक चेपून बसल्या होत्या. मी ती नळी इस्पितळात नेऊन त्याला दाखवली."

आर्डिस चाकामागून उठून त्याच्यापाशी आली.

"म्हणजे बाबांना माहीत होतं."

"मी म्हटलं, पोर जेवत नाहीये, तिला सांगून टाकतो." एमेटने तिच्याकडे पाहिलं नाही. "तो म्हणाला, नको सांगूस. बायको काही माझ्याजवळ टिकायची नाही आता. ही टिकेल."