पाचशे की आठशे

"कुणाचा विश्वास बसणार नाही," साऊंडवाले भोंगाकाका माइकमध्ये म्हणाले, "पण एकदा एका गाणारणीच्या कानात टॅक्सीवाला शिरला होता."

सभागृहात हे कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. मोठे स्पीकर बंद होते. काकांचा हा माइक फक्त गायिकेच्या कानात बोलत होता, आणि गायिका पार शेवटच्या रांगेपाशी उभी होती. कानात दोन बोंडं, कमरेला बिनतारी रिसीव्हर. दुसऱ्या गाण्यात तिला मंचावरून उतरून, गात गात तिथपर्यंत यायचं होतं. वादकांचं वाजणं तिला ऐकू येणार ते या बोंडांतूनच. ते तुटलं की ताल तुटला.

मागच्या कार्यक्रमात तुटला होता. आख्खं कडवं ती एकीकडे आणि वादक दुसरीकडे. सरांनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकांनी, उतरल्या उतरल्या ऐकवलं होतं, "पुन्हा असं झालं तर मला दुसरी गायिका बघावी लागेल." बरं, त्याच्याही आधी एकदा तिनं 'नीट ऐकू येत नाही' अशी तक्रार केली होती, तर 'हिचे नखरे फार' असा शेरा मिळाला. तेव्हापासून तिला काहीही विचारा, ती म्हणायची, ठीक आहे.

"दारं उघडायला वीस मिनिटं," सर म्हणाले. ते काकांच्या टेबलामागे येरझारा घालत होते. "ठरलं का?"

ठरवायचं एवढंच होतं. तिच्या कानात आवाज पोचवणाऱ्या पेट्या दोन, पट्टे दोन. एक पाचशेच्या घरातल्या फ्रिक्वेन्सींचा, एक आठशेच्या. कार्यक्रम सुरू झाला की बदल नाही. जो लावाल त्याच्याशी संसार. स्कॅनरवर पाचशेचा पट्टा इस्त्री केल्यासारखा सपाट, म्हणजे मोकळा, दिसत होता. आठशेत शेजारच्या दालनातल्या माइकांची टेंगळं उठली होती. दोन टेंगळांच्या मधे बोटभर जागा.

"यात विचार कसला करताय? पाचशे लावा आणि मोकळे व्हा."

"यंत्र इथं टेबलावर बसलंय, सर. चालायचंय तिला." काकांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. "पोरी, चालत मंचाकडे ये. हां, तर तो टॅक्सीवाला. त्याच्या वायरलेसवरून तिच्या कानात आलं, डावीकडे वळा आणि पुलाखालून सरळ. बाईनं तेही सुरात म्हटलं! लोक ओरडले, पुन्हा एकदा! खोटं कशाला सांगू, ती गाणारीण म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आता मी आईबापांचं एकुलतं एक लेकरू, ना भाऊ ना बहीण, त्यामुळे तिच्यावर माझा भारी जीव..."

गायिका मंचावर चढली. मागे भिंतीएवढा एलईडी पडदा झगमगत होता. त्याच्यासमोर तिची पावलं जरा अडखळली. हात कानाकडे गेला, अर्ध्यात थांबला. तिनं सरांकडे पाहिलं, नजर खाली घातली आणि अंगठा उंच केला.

"बघा," सर म्हणाले. "झालं समाधान?"

काकांनी पाचशेच्या पेटीची वायर उपटली.

"अहो, काय करताय?"

"पेटी बदलतोय."

"तिनं अंगठा दाखवला ना!"

"दाखवला खरा."

सरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर लोकांचा गलका वाढला होता. दारावरचा माणूस दोनदा डोकावून गेला. काका आठशेची पेटी जोडत होते, अँटेना सरकवत होते, पण घाई त्यांच्या अंगातच नव्हती. मंचावर गायिका नुसती बोंडं चाचपत उभी. आपलंच काहीतरी चुकलं, असा तिचा चेहरा. तिनं रिसीव्हर नव्या पट्ट्यावर आणला.

"दहा मिनिटं," सर म्हणाले. "आणि बाता पुरे. तिचं डोकं पिकवू नका. सगळं जग करतं तसं हॅलो, वन, टू, थ्री म्हणा."

"वन टूच्या पुढं थ्री येतो, हे न ऐकताही कळतं, सर."

सरांना हे बोलणं कळलं नाही. काकांनी माइक उचलला.

"पोरी, आता त्या पडद्याला अगदी खेटून चाल. तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी एकदा पाणबुडीत साऊंड केलाय. खोल समुद्राच्या तळाशी. श्रोते तीन हजार."

गायिका पडद्याच्या एका टोकाकडून निघाली. चेहरा निर्विकार.

"दाटीवाटीनं बसलेले. गाणं असं रंगलं की बाहेर माशांनी रांग लावली. एक देवमासा पास मागायला आला. म्हटलं, उभं राहून ऐकावं लागेल."

ती पडद्याच्या मध्यावर आली. ओठांचा कोपरा हलला. तिनं तो दाबून धरला आणि सवयीनं अंगठा वर करायला हात उचलला.

"आत इतकं उकडायला लागलं," काका शांतपणे म्हणाले, "की मी पाणबुडीच्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. तशी काय गार वाऱ्याची झुळूक आली म्हणतेस..."

"काका, थापा मारू नका!"

रिकाम्या सभागृहात तिचा उघडा आवाज खणखणीत घुमला. सर जागच्या जागी थबकले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि या खेपेला नजर खाली घातली नाही.

"मघाशी या पडद्यासमोर अर्धीअधिक वाक्यं गळत होती, तरी मी अंगठा दाखवला. आता शब्दन् शब्द ऐकू येतोय, काका, आणि त्यातला एकही खरा नाही!"