आडवी मंडळी

हिमायाने फुलांचा गुच्छ उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि तिसऱ्या बाकापाशी उभा असलेला तेर्यो न्हावी काय ते समजला.

मे महिन्यातली दुपार. फिलिपीन्समधल्या गिमारास बेटावरचं ते लहानसं चर्च माणसांनी गच्च भरलेलं, आणि फादर शुभवर्तमान सावकाश, चव घेत वाचत होते. सगळे उभे होते. नवरी हिमाया सगळ्यांत पुढे. तिच्या कानांत समुद्र गाजू लागला होता आणि फादरांच्या चेहऱ्याभोवती काळं कडं धरत होतं.

ती, तेर्यो आणि त्याच्या शेजारची म्हातारी सालिंग तिया, तिघंही एकाच दुखण्याची. नाडी आणि रक्तदाब ज्या नसा आपसूक सांभाळतात, त्याच नसा यांना दगा द्यायच्या. जास्त वेळ उभं राहिलं की रक्त पायांत उतरायचं, काळीज धावत सुटायचं आणि माणूस कोसळायचा. अशा लोकांचा फोनवर एक गट होता, नाव 'आडवी मंडळी'. कोणी अंघोळीला स्टूल घेऊन बसलं, कोणी भर बाजारात भोपळ्यांच्या ढिगावर पाय ठेवून पडलं, ते तिथे सांगायचं आणि पोट धरून हसायचं. समोरासमोर भेट मात्र आज पहिल्यांदाच.

सासरी यातलं काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला, जोव्हेनला माहीत होतं, पण हिमायाने त्याला शपथ घातली होती. दुखणाईत सून म्हटल्यावर त्याची आई, नानाय तेकला, लग्न मोडणार याची तिला खात्रीच होती. म्हणून मंडळींनी बेत केला. नवरीला काळोखी येऊ लागली की तिने गुच्छाचा हात बदलायचा आणि तेर्योने बेशुद्धीचं सोंग घेऊन पडायचं. धांदल उडेल, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, थांबेल, तेवढ्यात ती बसून घेईल. तेर्योने फोनवर पडण्याची तालीमही करून दाखवली होती. सालिंग तियाच्या मते तो तांदळाच्या पोत्यासारखा पडत होता.

ठरल्याप्रमाणे तेर्यो मधल्या वाटेवर आला. छातीवर हात ठेवला. पण आपणही नवरीइतकाच वेळ उभे असणार, हे बेत रचताना ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना आणखी कोणाच्या.

तो पडला, तो सोंगाशिवायच.

हिमायाने वळून पाहिलं. त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. असला रंग नाटकात आणता येत नाही. दोघा-तिघांनी त्याला काखांत धरून उभं करायला घेतलं, कोणी खुर्ची ओढून आणली. सालिंग तिया नको नको म्हणत होती, पण तीच बाकाला धरून कसाबसा तोल सावरत होती. तिचं कोण ऐकणार?

हिमायाने गुच्छ जोव्हेनच्या हातात कोंबला आणि झगा दोन्ही हातांनी उचलून धावली.

"त्याला उभं करू नका. आडवा करा, आधी आडवा करा."

तिने फरशीवरच बसकण मारली आणि तेर्योचे पाय मांडीवर घेतले. पांढऱ्या झग्याला त्याच्या बुटांची माती लागली. सालिंग तियाही संधी साधून शेजारी बसली. हळूहळू तेर्योच्या ओठांत रंग आला. त्याने डोळे उघडले आणि मिस्सा थांबली ना, एवढंच विचारलं. थांबली, आणि या वेळी पोतं झकास पडलं, असं सालिंग तियाने सांगितलं. हिमायाला हसू आवरेना. बसल्यामुळे तिच्याही डोळ्यांपुढचं काळं ओसरलं होतं.

मान वर केली, तर समोर नानाय तेकला.

"इंदाय, पोरी, तुला बरं ठाऊक काय करायचं ते."

काहीतरी थाप मारता आली असती. माहेरी कोणाला असं होतं, म्हणता आलं असतं. पण तेर्योचे पाय अजून तिच्या मांडीवर होते.

"मलाही हेच आहे, नानाय. फार वेळ उभी राहिले की मीही अशीच पडते. आणि हे जन्माचं आहे."

चर्चमध्ये नुसती पुठ्ठ्याच्या पंख्यांची फडफड ऐकू येत होती. मग नानायने विचारलं, गावच्या सणाला साऱ्या बायका उभ्याने राबत असताना ही स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली होती, ते यामुळेच का. हिमायाने मान हलवली.

"आणि मी तेव्हापासून देवाला विनवतेय, या माजोरड्या पोरीपासून माझ्या लेकाला सोडव म्हणून." नानायने कमरेवर हात ठेवले. "अगं, आजार चालतो मला. माज नाही चालत. यावर औषधबिवषध काही?"

"मीठ," सालिंग तिया खालून म्हणाली. "मीठ खायचं आणि पाणी ढोसायचं."

"मग काळजीच मिटली. माझ्या हातचं सगळं खारटच होतं. हिचा सासरा मरेपर्यंत कुरकुरत होता."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग कोणालाच धरवेना. फादरांनी पुस्तक तोंडापुढे धरलं.

वेदीपुढे दोन खुर्च्या आल्या, वचनं बसून झाली. तेर्यो बाकावर आडवा पडून, पाय सालिंग तियाच्या मांडीवर टाकून ऐकत होता. शेवटच्या आशीर्वादाला फादरांनी सवयीने दोन्ही हात उंचावून सगळ्यांना उठायची खूण केली. काही जण अर्धवट उठलेही.

पहिल्या बाकावर नानाय तेकला हाताची घडी घालून ढिम्म बसली होती आणि फादरांकडे टक लावून पाहत होती.

फादरांनी हात हळूहळू खाली घेतले.