खालचं बटण

नल्लकुंट्याच्या थेरपी सेंटरात दर बुधवारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं एकाच टेबलाशी बसत. भिवाजींना विसरायचा आजार जडला, तेव्हापासून शेवंताबाई त्यांना तिथं नेत. जूनमध्ये त्यांच्या शेजारी सहा वर्षांची लास्या आली. तिच्या बोटांना बटण लावणं जमत नव्हतं. रेल्वेत पस्तीस वर्षं गणवेश घातलेले भिवाजी तिला आपल्या मराठीतच सांगत, "खालून सुरू कर, बाळ. वरून लावलं की चुकतं." पोर तेलुगू, तरी त्यांना 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणत मान डोलवायची.

संक्रांत झाली. लास्याचा आज शेवटचा दिवस. भिवाजी शर्टाच्या दोन्ही कडा धरून नुसते बसून होते. शेवंताबाईंचा हात पुढं झाला, तशा सेंटरातल्या मॅडम म्हणाल्या, "अम्मा, आप नक्को लगाओ. उनको करने दो."

मग लास्याच त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताता, खालून सुरू कर, बाळ. वरून लावलं की चुकतं."

भिवाजींनी खालचं एक बटण कसंबसं लावलं आणि कौतुकानं बायकोकडं वळले.

"एवढं चांगलं मराठी हिला कुणी शिकवलं गं?"