बाळची सही

कचेरीत त्याला सगळे 'बाळ' म्हणायचे. वय एकतीस, दोन मुलींचा बाप. पण लिफ्ट तपासायला गेला की स्वतः गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढून दोरांवरून बोट फिरवायचा, आणि एक तार जरी तुटलेली दिसली तरी 'नापास' लिहून मोकळा व्हायचा. त्या सात मजली इमारतीची लिफ्ट त्याने अशी तीनदा नापास केली होती.

चौथ्या खेपेला मोठे साहेब जातीने सोबत आले. सातव्या मजल्यावर इमारतीच्या मालकासमोर त्याला बसवून म्हणाले, "अरे, दोर म्हटला की झिजणारच. किती दिवस पोरासारखा हट्ट धरून बसणार आहेस? जरा मोठा हो."

दिवसाला दोनशे माणसं वाहणाऱ्या त्या लिफ्टचा दोर या वेळी बाळने पाहिलाच नाही. खाली मान घालून 'पास'च्या दाखल्यावर सही ठोकली.

मालकाने चहा मागवला. साहेबांनी पाठ थोपटली आणि पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो केलं. "आता शोभता बघा. समज उशिरा आली, पण आली." बाळच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दाखला लिफ्टमध्ये चिकटवायला शिपायाच्या हाती देऊन तिघं निघाले. लिफ्ट दार उघडून समोरच उभी होती.

"जिन्यानेच जाऊ या," मालक साहेबांना म्हणाला, "तेवढाच व्यायाम."



बाळ तोवर दोन मजले उतरलाही होता.